टेकड्यांची वहिवाट

पुणें हें सपाटीवरील शहर आहे असें ज्याला वाटतें, त्यानें तें बहुधा वाहनांतूनच पाहिलें असावें. स्टेशनापासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत किंवा डेक्कनपासून कोथरूडपर्यंत जाणाऱ्यास फार तर एखादा पूल चढावा लागतो. पण तोच मनुष्य एके सकाळीं पायांत साधी वहाण घालून घराबाहेर पडला आणि हमरस्ता सोडून डोंगराच्या रोखानें चालूं लागला, म्हणजे त्याला दुसरेंच पुणें भेटतें. दक्षिणेस पर्वती व तिच्यामागें तळजाई. पश्चिमेस हनुमान टेकडी, वेताळ टेकडी व चतुःशृंगी. त्यांच्याही पलीकडे पाषाण-बाणेरचे डोंगर, आणि नैर्ऋत्येस या सर्वांचा वडील भाऊ शोभेल असा सिंहगड. हें पुणें पायऱ्यांचें, पाऊलवाटांचें आणि माळांचें आहे. आणि त्याची ओळख करून घ्यावयाची तर पायीं चालण्याखेरीज दुसरा उपाय नाहीं.

खरें पाहतां या टेकड्या म्हणजे निसर्गानेंच बांधलेल्या पायऱ्या होत. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून शिलारस बाहेर पडला व थरावर थर पसरत गेला. पुढें ऊन, वारा व पाणी यांनीं तो झिजविला. जो थर कठीण, तो कड्यासारखा उभा राहिला; जो मऊ, त्याचा उतार झाला. म्हणून सह्याद्रींतील डोंगर दुरून पाहिला कीं माथा सपाट आणि अंगाला टप्प्याटप्प्यांच्या रेषा दिसतात. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकास 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, आणि त्यांतील 'ट्रॅप' हा शब्द उत्तर युरोपांतील भाषांत जिन्याला जो शब्द आहे त्यावरून आलेला आहे. म्हणजे माणसानें पर्वतीवर पायऱ्या बांधल्या, त्या एका मोठ्या व जुन्या जिन्यावर बसविलेला लहानसा जिना होय!

या डोंगरांवर हिंडतांना एक जुना मराठी शब्द मनांत बाळगणें उपयोगाचें आहे. तो शब्द म्हणजे 'वहिवाट'. खेड्यांत दोन शेतांमधल्या वाटेवरून तंटा निघाला, तर नकाशापेक्षां लोकांच्या पायांकडे आधीं पाहिलें जातें. या वाटेनें कोण जात आलें आहे, किती दिवस, कोणाची हरकत होती कीं नव्हती, हे प्रश्न पंच विचारतात. वाट राहते ती चालणाऱ्याच्या पायांनीं. चालणें थांबलें कीं दोन पावसाळ्यांत ती गवताखालीं जाते, आणि मग तिच्यावर कोणीही कुंपण घालावें. पुण्याच्या टेकड्यांचा इतिहास हा या वहिवाटीचाच इतिहास आहे.

आरंभ पर्वतीपासून करणें योग्य. नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं येथें देवदेवेश्वराचें मंदिर उभारलें. पायथ्यापासून माथ्यापर्यंत १०३ दगडी पायऱ्या आहेत, असा पुणेकरांचा पाठ आहे. पायऱ्या रुंद असून त्यांची चढ सोसवेल अशी आहे. त्यामुळें नव्यानें चढणारा प्रथम घाईनें चढूं लागतो आणि मध्यावर कठड्याला टेकून दम खातो. नित्याचा पर्वतीकर मात्र एका लयींत, कोणाशीं तरी बोलत, जणूं माजघरांतून ओसरीवर यावें तसा वर येतो. सत्तरी ओलांडलेलीं माणसेंही येथें नेमानें येतात. त्यांना पायऱ्या मोजाव्या लागत नाहींत. त्या गुडघ्यांनाच पाठ झालेल्या असतात.

वर आल्यावर शहर पायांशीं पसरलेलें दिसतें, आणि इतिहासही. पानिपतचा घाव उरीं घेऊन आलेले नानासाहेब १७६१ च्या जूनमध्यें याच टेकडीवर निवर्तले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई चालू असतां दुसरा बाजीराव ती येथूनच पाहत होता. मराठी राज्याचें शिखर आणि त्याचा अस्त या दोहोंची साक्ष एवढ्याशा माथ्यानें दिली आहे. आज तेथें उभें राहून खडकीकडे पाहणाऱ्यास उंच इमारतींच्या रांगांतून रणभूमि हुडकून काढावी लागते. पण दिशा चुकत नाहीं.

तथापि पर्वतीच्या पायऱ्यांवर घडलेली सर्वांत मोठी गोष्ट पेशव्यांच्या काळची नव्हे. १३ ऑक्टोबर १९२९ रोजीं येथें मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज, न. वि. गाडगीळ, एस्. एम्. जोशी अशी मंडळी त्यांत होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना या देवाच्या दाराशीं जाण्याचा हक्क असावा, एवढीच त्यांची मागणी. तिला उत्तर मिळालें तें बंद दाराचें व दगडांचें. सत्याग्रही जखमी झाले. दार त्या वेळीं उघडलें नाहीं. मुंबई प्रांतांत मंदिरप्रवेशाचा कायदा होण्यास १९४७ साल उजाडावें लागलें.

या प्रसंगाचा विचार पायऱ्या चढतांनाच करावा, म्हणजे त्याचा अर्थ नीट उमगतो. डोंगर सर्वांना सारखाच होता. दम प्रत्येकाला सारखाच लागत होता. दगडानें कोणाचें पाऊल नाकारलें नव्हतें. नाकारलें तें माणसानें. म्हणून पर्वतीवर आज जो कोणी निर्वेधपणें चढतो, त्याच्या पायाखालीं नानासाहेबांनीं घातलेल्या दगडांइतकाच, १९२९ सालीं ज्यांनीं दगड सोसले त्यांचाही आधार आहे. पायरी बांधणारा एक असतो, आणि ती सर्वांना खुली करणारा दुसरा असतो. नांव मात्र बहुधा पहिल्याचेंच राहतें.

याच डोंगराच्या दुसऱ्या अंगास जनता वसाहत आहे. तेथेंही पायऱ्याच पायऱ्या आहेत. पण त्या कोणत्याही मार्गदर्शिकेंत सांपडावयाच्या नाहींत. घराला घर लागलेलें, मधून जेमतेम एक माणूस जाईल अशी बोळ, आणि बोळींतून वर चढत गेलेला सिमेंटचा अरुंद जिना. शाळेचें दप्तर, किराण्याची पिशवी, आजारी माणूस, सर्व कांहीं याच वाटेनें वर-खालीं होतें. देवळाकडची चढण प्रकृतीसाठीं चढली जाते, ही पोटासाठीं. टेकड्यांच्या सौंदर्याविषयीं बोलणाऱ्यानें दोन्ही जिने पाहिलेले असावेत. एरवीं त्याचें बोलणें अर्धवट राहतें.

पर्वती उतरून आलें कीं सारसबाग लागते. पेशवाईंत येथें तळें होतें, आणि तळ्याच्या मधोमध बेटावर गणपति. तळें आज राहिलें नाहीं. गणपतीजवळ थोडें पाणी व कमळें राखलेलीं आहेत, आणि बाकीच्या जागीं हिरवळ. सुटीच्या दिवशीं संध्याकाळीं अर्धें पुणें या हिरवळीवर लोटतें. जवळच सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. जपानमधील ओकायामा शहरांत तीनशें वर्षांचें एक प्रसिद्ध उद्यान आहे, त्याच्या धर्तीवर हें आखलेलें. लहानसे उंचवटे, वळणदार पाण्याचा प्रवाह, पूल, आणि पावलागणिक बदलणारा देखावा. सपाट जागेंत डोंगराचा भास कसा निर्माण करावा, याचा तो सुंदर पाठ आहे.

उद्यानें शहराला हवींतच. लहान मुलाला पळावयास, थकलेल्या गृहिणीला घटकाभर बसावयास, पाय न उचलणाऱ्या वृद्धाला दोन फेऱ्या मारावयास दुसरी जागा कोणती? परंतु उद्यानाला दार असतें, दाराला वेळ असते, कांहीं ठिकाणीं तिकीटही असतें, आणि हिरवळीवर 'येथें बसूं नये' अशी पाटी असते. उद्यानांत माणूस पाहुणा असतो. टेकडीवर तसें नाहीं. तेथें दार नाहीं, तिकीट नाहीं, पाटी नाहीं. आणि म्हणूनच तिचें रक्षण करावयास पहारेकरीही नाहीं. तिचा पहारा म्हणजे तिच्यावर रोज चालणारीं माणसें.

पर्वतीच्या माथ्यावरून वायव्येकडे पाहिलें असतां मुठेच्या पलीकडे एक लांबट डोंगर आडवा पडलेला दिसतो. पायीं हिंडणाऱ्याचें दुसरें क्षेत्र तें. त्याच्या उत्तर टोंकाकडे चतुःशृंगीचें देऊळ आहे. तेथील पायऱ्या पर्वतीहून अधिक उभ्या वाटतात. नवरात्रांत तेथें जत्रा भरते. तेव्हां पायऱ्यांवर पाऊल ठेवावयास जागा नसते, आणि एरवीं जो चढण्याचा कंटाळा करतो तोही त्या गर्दीच्या लोटाबरोबर देवीपर्यंत पोंचतो.

त्याच डोंगराच्या शहराकडील अंगास, फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मागें, हनुमान टेकडी आहे. टेकडी लहान, पण तिची कीर्ति मोठी. १२ जून १९०५ रोजीं गोपाळ कृष्ण गोखले तीन सहकाऱ्यांसह या टेकडीवर आले व त्यांनीं 'भारत सेवक समाजा'ची स्थापना केली. गोखल्यांचें वय त्या वेळीं एकोणचाळीस होतें. देशसेवेच्या सात प्रतिज्ञा त्यांनीं प्रथम स्वतः घेतल्या व मग इतरांस दिल्या. सभागृह नाहीं, व्यासपीठ नाहीं. डोक्यावर आकाश आणि पायांखालीं काळा कातळ. मोठ्या संकल्पाला मोकळी जागा लागते, हें त्या विवेकी पुरुषानें ओळखलें होतें. आज त्याच टेकडीवर सकाळीं विद्यार्थी पुस्तक घेऊन बसतात, कोणी गाण्याचा रियाज करतो, कोणी नुसताच पूर्वेकडे तोंड करून उभा राहतो. त्यांच्यापैकीं कोणाच्या मनांत काय संकल्प उठत असेल, हें टेकडीलाच ठाऊक.

हनुमान टेकडीवरून पश्चिमेस निघालेली पाऊलवाट वेताळ टेकडीकडे जाते. हा पुणें शहरांतील सर्वांत उंच माथा; समुद्रसपाटीपासून सुमारें २,६०० फूट, म्हणजे शहराच्या रस्त्यांहून सात-आठशें फूट वर. चढण एकदम नाहीं. वाट कधीं कातळावरून जाते, कधीं मुरुमावरून. मधेंच एक जुनी दगडाची खाण लागते. शहराच्या बांधकामासाठीं तिचा दगड गेला आणि मागें जो खड्डा राहिला त्यांत पावसाचें पाणी सांचलें. कड्यावर बसून पाहिलें तर एखादें तळें मुद्दाम बांधल्यासारखें वाटतें. शेवटीं माथ्यावर वेताळाचें ठाणें. जुन्या काळीं अंधार पडल्यावर माणसें इकडे फिरकत नसत. आतां पहांटेच्या अंधारांतच नित्याचे फिरणारे वेताळाला हात जोडून परत फिरतात. वेताळाचा धाक असा ओसरला, ही चालणाऱ्यांची करामत!

या माळाचें रूप ऋतूप्रमाणें पालटतें, आणि तें पाहण्यासाठीं वर्षांतून निदान चारदां येथें यावें. उन्हाळ्यांत सगळा डोंगर भाजल्यासारखा पिवळा-तपकिरी होतो. पण त्याच वेळीं पांगारा लाल फुलतो, आणि गणेराच्या निष्पर्ण फांद्यांवर मोठालीं पिवळीं फुलें उमलतात. वळवाची पहिली सर आली कीं मातीच्या वासानें माणूस जागच्या जागीं थांबतो. आषाढ-श्रावणांत कातळावर पाण्याचे पाझर फुटतात व गवत गुडघ्याला लागतें. दिवाळीच्या सुमारास तेंच गवत सोनेरी होतें, आणि धोतराला अथवा पातळाला कुसळें चिकटवून घेतल्यावांचून कोणाला परत येतां येत नाहीं. सालई, मेडशिंगी, हिवर, खैर हीं येथलीं मूळचीं झाडें. मोराची केका, तितराची साद, बुलबुलांची किलबिल आणि सातभाईंचें भांडण हें येथलें नित्याचें संगीत.

झाडांच्या बाबतींत एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. उघडा माळ म्हणजे ओसाड जमीन, अशी समजूत होऊन या डोंगरांवर गिरिपुष्पासारखीं बाहेरून आणलेलीं, लवकर वाढणारीं झाडें मोठ्या प्रमाणावर लावलीं गेलीं. हिरवळ दिसूं लागली खरी. पण त्या दाट सावलींत मूळचें गवत मावळलें, आणि गवतावर जगणारे पक्षी व कीटक मागें हटले. माळ ही झाडांची वाट पाहणारी रिकामी जागा नव्हे. माळ हाच एक भरलेला संसार आहे. हें कळण्यास ग्रंथांपेक्षां रोजच्या वाटेवर दहा मिनिटें स्तब्ध उभें राहणें अधिक उपयोगी पडतें.

आतां थोडें कटु, पण आवश्यक. शहर वाढलें, वाहनें वाढलीं, आणि रस्ते अपुरे पडूं लागले. विधि महाविद्यालयाच्या रस्त्यावर संध्याकाळीं जी कोंडी होते, ती ज्यानें सोसली आहे त्याला नवा मार्ग हवासा वाटणें स्वाभाविक आहे. त्यासाठीं बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत डोंगराच्या कडेनें रस्ता काढावा व वेताळ टेकडीच्या पोटांतून बोगदे न्यावेत, अशा योजना पुढें आल्या. त्यांना विरोध करण्यासाठीं २०२३ च्या एप्रिलमध्यें पुणेकर मोठ्या संख्येनें एकत्र येऊन चालले. रस्ता हवा म्हणणारा शत्रु नव्हे; त्याचीही अडचण खरी आहे. परंतु दोन्ही पारड्यांत काय आहे तें नीट पाहिलें पाहिजे. रस्त्यानें कांहीं मिनिटें वांचतील. आणि रुंद केलेला रस्ता नव्या वाहनांनीं पुन्हां भरून जातो, असा ठिकठिकाणचा अनुभव आहे. उलट टेकडीच्या भेगांतून पाणी जिरतें व खालच्या झऱ्यां-विहिरींना मिळतें. ती शहराला वारा देते, गारवा देते. आणि जिच्यासाठीं एक पैसाही मोजावा लागत नाहीं अशी ही एकच जागा गरीब-श्रीमंतांना सारखीच मोकळी आहे. कापलेला डोंगर पुन्हां जोडतां येत नाहीं. साडेसहा कोटी वर्षांचा जिना मोडावयाचा तर हिशेबही तितक्याच सबुरीनें व्हावा, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

या प्रश्नाला कागदाची बाजू आहे, तशीच पायांचीही आहे. १९९७ सालीं तेवीस गांवें शहरांत घेण्यांत आलीं, तेव्हां त्यांच्या हद्दींतील डोंगरउतारांचें काय करावयाचें हा वाद उभा राहिला, आणि सुमारें ९७८ हेक्टर जागा जैवविविधता उद्यानासाठीं आरक्षित करण्याचें ठरलें. आरक्षण हें कागदावरचें रक्षण होय, आणि तें हवेंच. पण ज्या डोंगरावर कोणी चालत नाहीं त्या डोंगरावर रात्रींतून राडारोडा येऊन पडतो, मुरूम उकरला जातो, उतारावर हळूच एक पत्र्याची शेड उभी राहते, आणि तें कोणाच्या नजरेस येत नाहीं. जेथें रोज शंभर माणसें चालतात तेथें पहिल्याच दिवशीं बोभाटा होतो. पाण्याच्या बाटल्या पाठीवर घेऊन, स्वतः लावलेलीं रोपें उन्हाळ्यांत जगविणारी मंडळी या टेकड्यांवर भेटतात. त्यांनीं कोणताही अर्ज लिहिलेला नसतो. पण त्यांचें येणें-जाणें हाच सर्वांत बळकट पुरावा असतो.

नव्यानें निघणाऱ्यास चार सूचना पुरेत. प्रथम पर्वती करावी, मग हनुमान टेकडी, आणि पाय सरावले म्हणजे वेताळ टेकडी. उन्हाळ्यांत सूर्योदयापूर्वीं निघावें. पाणी स्वतःचें न्यावें व रिकामी बाटली परत आणावी. पावसांत शेवाळलेल्या कातळावर व खाणीच्या कडेला जपून रहावें. दिवेलागणीच्या आंत उतरावें आणि आडवाटेस एकट्यानें जाऊं नये, विशेषतः स्त्रियांनीं व मुलांनीं सोबत धरावी. एकाकी वाट कोणाच्याच भरंवशाची नसते. वणवा लागेल अशी काडी कोठेंही टाकूं नये, कारण वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते. आणि घरांतील एखाद्या लहान मुलाला बरोबर घ्यावें. त्याला इतिहास सांगण्याची घाई करूं नये. त्याला पायऱ्या मोजूं द्याव्यात. तो एकशेंएक मोजील किंवा एकशेंसात; पण दुसऱ्या खेपेस तो स्वतःच म्हणेल कीं पुन्हां मोजूं.

तें मूल मोठें होईल तेव्हां या शहराचा नकाशा आजच्यासारखा राहणार नाहीं. पण पर्वतीची पायरी आणि वेताळाची पाऊलवाट यांवर त्याचा पाय पडत राहिला असेल, तर कोणी विचारील कीं ही वाट कोणाची, त्या वेळीं त्याला दफ्तर धुंडाळावें लागणार नाहीं. इकडून आजा चालला, बाप चालला, आणि तो स्वतः चालतो आहे, एवढें सांगितलें कीं पुरे.